शाळेत धंदा शिकवायचा तर: विदर्भातल्या शिक्षकांसाठी आठ आठवड्यांचा आराखडा

बाल आनंद मेळावा बहुतेक शाळांत होतोच. पोरं घरून वडे, भेळ, चिवडा, लिंबू शरबत आणतात, दुपारपर्यंत सगळं संपतं, गुरुजी स्वतः दोन-चार प्लेटा घेतात, फोटो निघतात. मग एखादी मुलगी गल्ला मोजते आणि सांगते, "सर, चारशे रुपये कमावले." त्या चारशेत बेसन, तेल, गॅस आणि आईचे पहाटेचे तीन तास कुठेच नसतात. गल्ला आणि नफा यांतला हा फरक न सांगता मुलांना घरी पाठवलं, तर मजा झाली एवढंच म्हणता येईल.

विदर्भातल्या खेड्यात याला आणखी एक पदर आहे. इथल्या घरात विकणं म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर गाडीत भरून बाजार समितीत किंवा जिनिंगवर नेणं आणि समोरचा सांगेल तो भाव घेऊन येणं. आपल्या मालाची किंमत आपण ठरवावी, ती गिऱ्हाइकाला तोंडानं सांगावी, त्यानं नाक मुरडलं तर किती खाली यायचं ते आधीच ठरवून ठेवावं, हे बहुतेक मुलांनी घरात कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून या आराखड्याचा भर एकाच गोष्टीवर आहे: भाव मुलानं स्वतः काढायचा आणि तो काढताना स्वतःच्या मेहनतीचे पैसे धरायचे. धाडस, नेतृत्व, कल्पकता हे भाषणातले शब्द त्याच्या मागोमाग जेवढे यायचे तेवढे येतात.

आराखडा आठवी ते अकरावीच्या मुलांसाठी आहे. आठवड्याला दोन तासिका, चार-चार मुलांचे गट, एका शिक्षकामागे जास्तीत जास्त सहा गट. सातवा गट घेतला की वह्या तपासायच्या राहतात, आणि या उपक्रमात वही तपासणं हेच शिक्षकाचं मुख्य काम आहे.

कधी सुरू करायचं

सणापासून उलटं मोजा. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. जुलैच्या सुरुवातीला गट पाडले तर विक्री तान्ह्या पोळ्याला येते. पोळा कधी ऑगस्टच्या उत्तरार्धात असतो, कधी सप्टेंबरात. कॅलेंडर बघूनच पहिली तासिका ठरवा. दिवाळीसाठी वाती करायच्या तर ऑगस्टच्या अखेरीस सुरुवात. होळीसाठी पळसफुलं विकायची तर जानेवारीत.

दिवाळीनंतर लगेच सुरू करू नका. त्या वेळी पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत कापसाची वेचणी आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची कापणी-मळणी चालू असते. मुलं घरी थांबतात, चारांच्या गटात दोघंच उरतात आणि त्या दोघांवर सगळं पडतं. सहावी ते आठवीसाठी २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दप्तराविना दहा दिवस सुचवलेले आहेत. आठवीच्या गटांना त्यातले दोन-तीन दिवस बाजार पाहणी आणि विक्रीला वापरता येतात, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

परवानगी आणि मर्यादा

शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या. त्यात चार गोष्टी लिहून ठेवा: एका मुलाकडून किती पैसे घेणार, नफा-तोटा कोणाचा, मुलं शाळेबाहेर कुठपर्यंत आणि कोणाबरोबर जाणार, आणि शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला जास्तीत जास्त किती तास काम करणार. दोन तास पुरेत.

पालकसभेत कोणी ना कोणी उठून विचारणारच, "सर, पोराले शिकवा ना, दुकानदारी काय शिकवता?" त्यावर भाषण देऊ नका. शेकडेवारी, नफा-तोटा, सरासरी हे पुस्तकातलेच धडे मुलं खऱ्या पैशांवर करणार आहेत, हे सांगा आणि कोरी हिशेब वही दाखवा. आया ती वही जास्त लवकर समजून घेतात, कारण बचत गटाचं रजिस्टर त्यांनी हाताळलेलं असतं.

हा विचार आपल्या भागाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, हातानं उत्पादक काम करत शिकण्याची योजना महात्मा गांधींनी तिथे मांडली आणि झाकिर हुसेन समितीनं तिचा अभ्यासक्रम तयार केला. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च भागावा, या तिच्यातल्या भागावर तेव्हाच टीका झाली होती की अशानं शाळेचा कारखाना होईल. ती भीती आजही खरी आहे. गावातल्या दुकानदारानं हजार पाकिटांची ऑर्डर दिली म्हणून मुलांना रविवारीही बसवलं, की उपक्रम संपला आणि मजुरी सुरू झाली. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर कायद्यानं बंदी आहे. मोठी ऑर्डर सरळ नाकारायची किंवा एखाद्या बचत गटाकडे पाठवायची.

पहिले दोन आठवडे: नुसतं बघायचं

पहिल्याच तासिकेला "काय विकणार?" असं विचारलं तर सहापैकी पाच गट वडापाव सांगतात. म्हणून दोन आठवडे कल्पना मागायचीच नाही. आठवडी बाजाराला न्यायचं. प्रत्येक गटानं एकच विक्रेता निवडायचा आणि अर्धा तास त्याच्या दुकानापासून चार पावलं दूर उभं राहून मोजायचं: किती जण थांबले, किती जणांनी भाव विचारला, किती जणांनी घेतलं, मोजून-मापून दिलं की ढिगानं, भाव कोणी आणि किती कमी केला. हेच मोजमाप बाजार उठायच्या अर्धा तास आधी परत करायचं.

दुसरी फेरी चुकवू नका. दुपारी पाव किलोच्या भावानं विकली जाणारी मेथी संध्याकाळी ढिगानं जाते आणि त्याच वेळी शेजारचा भांडीवाला एक रुपयाही कमी करत नाही. असं का, ते मुलांना सांगायचं नाही, वर्गात विचारायचं. भाजी उद्या सडणार, भांडी पुढच्या बाजारातही विकली जाणार, इथपर्यंत मुलं स्वतः येतात. आपण असा माल घ्यावा का जो त्याच दिवशी संपवावाच लागतो, हा पुढच्या महिन्यातला सगळ्यात महागडा निर्णय त्यांना तिथेच कळलेला असतो.

विक्रेत्याशी बोलायचं ते गिऱ्हाईक नसताना. "दिवसाला किती कमावता?" हा प्रश्न पहिला विचारला तर माणूस सावध होतो आणि उत्तर खोटं येतं. "माल कुठून आणता? उरला तर काय करता? उधारी कोणाला देता? पावसात काय करता?" असे प्रश्न विचारले की तोच माणूस अर्धा तास बोलतो. जाताना त्याच्याकडून काहीतरी विकत घ्यायला सांगा. आपण त्याचा धंद्याचा वेळ घेतलेला असतो.

वर्गात काही मुलं अशी असतात ज्यांचे आईबाप स्वतः बाजारात बसतात, किंवा घरी सूप-टोपल्या, मडकी, विळे-पावशी होतात. भाव, घासाघीस, उधारी यांतलं त्यांना शिक्षकापेक्षा जास्त कळतं; पण वर्गात ते सांगायला ती लाजतात, कारण घरचा धंदा कमीपणाचा आहे असं त्यांनी ऐकलेलं असतं. त्यांना जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून ओळख देऊन उभं करू नका. "टोपलीचा भाव काढताना बांबू आणि मेहनत कशी धरतात, कोणाला माहीत आहे?" असं कामाचं विचारा आणि ज्याचा हात वर येईल त्याला फळ्याजवळ बोलवा.

तिसरा आठवडा: हातात काय आहे

सरस सरस्वती या संशोधिकेनं मुरलेल्या उद्योजकांचा अभ्यास करून २००१ मध्ये एक मांडणी केली. हे लोक आधी मोठं ध्येय ठरवून मग साधनं गोळा करतात असं नेहमी होत नाही. आपण कोण, आपल्याला काय येतं, आपण कोणाला ओळखतो, इथून ते सुरुवात करतात आणि किती मिळेल यापेक्षा किती बुडालं तर चालेल हे आधी ठरवतात. खेड्यातल्या शाळेला ही मांडणी चपखल बसते.

प्रत्येक गटाला एक कागद द्या आणि तीन रकाने आखायला सांगा. पहिल्यात घरात, शेतात किंवा बांधावर फुकट किंवा स्वस्त मिळणाऱ्या वस्तू: कापूस, पळसफुलं, चिंचा, लिंबं, तूर, वरूड-मोर्शी किंवा काटोल-नरखेडकडे संत्री. दुसऱ्यात गटातल्या चौघांना हातानं येणारी कामं. तिसऱ्यात ओळखीची पण नातेवाईक नसलेली दहा माणसं. तिसरा रकाना भरताना मुलं अडतात, आणि तेच हवं आहे. काका-मामानं घेतलेली वस्तू कौतुकापोटी घेतलेली असते. तिच्यावरून मागणी कळत नाही.

मग बुडीत रक्कम ठरवायची. मुलामागे २५ रुपये, गटाला १००. दिल्ली सरकारच्या शाळांत अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी २,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल देण्याचा प्रयोग झाला आहे, पण गावातल्या पहिल्या प्रयोगाला एवढे पैसे नकोत. जास्त भांडवल हातात आलं की मुलं आधी फ्लेक्स छापतात. ज्या घराला २५ रुपयेही जड आहेत त्या मुलाचा वाटा शाळेनं उसना द्यावा आणि विक्रीनंतर परत घ्यावा. माफ करू नये, नाहीतर गटातली बाकीची तिघं त्याला भागीदार मानत नाहीत.

जंगलातून काही आणायचं असेल तर आधी ग्रामसभेला विचारा, आणि तेंदूपत्त्यासारख्या नियमांत बांधलेल्या मालाच्या वाटेला जाऊच नका. तळण, गॅस, दूध, दही, मांस हेही नको. मार्चनंतरच्या उन्हात दहीवडा दोन तासांत आंबतो आणि मुलाच्या पहिल्या धंद्याची आठवण पोटदुखीची राहते. खायचंच असेल तर कोरडा माल घ्या. तोही नियमित विकायचा म्हटलं की अन्न सुरक्षा नोंदणी लागते, हे मुलांना सांगून ठेवा.

चौथा आठवडा: आधी इसार, मग माल

मुलं नमुना घेऊन जातात, लोक "छान आहे" म्हणतात, आणि मुलं पन्नास नग करून बसतात. "छान आहे" हे उत्तर हिशेबात धरायचं नाही. नमुना दाखवा, भाव सांगा आणि पाच-दहा रुपये इसार मागा. जो इसार देतो तो गिऱ्हाईक, बाकी सगळे शुभचिंतक. दहा घरं फिरून तीन इसार आले तर माल करायला हरकत नाही. एकही आला नाही तर भाव, माल किंवा माणसं यांतलं काहीतरी चुकलं आहे; एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा दहा घरं फिरायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमका फरक कशानं पडला ते कळत नाही.

इसारावर चालणारं चांगलं उदाहरण म्हणजे तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं आपापले बैल सजवून नेतात. घरोघरी मागच्या वर्षीचा, रंग उडालेला, एखादं चाक निघालेला बैल असतोच. तो रंगवून, चाक बसवून, बेगड आणि झूल लावून द्यायचं काम गट घेऊ शकतो. माल गिऱ्हाइकाचा, रंगाचा खर्च थोडा, आणि विकला न गेलेला नग घरी पडून राहायचा प्रश्नच नाही. चुका होतात त्या दोन. एक, सारखे दिसणारे बैल अदलाबदल होतात. बैल घेतानाच पायाला नावाची चिठ्ठी बांधा आणि तीच नोंद वहीत करा. दुसरी, पावसाळी हवेत ऑइल पेंट लवकर वाळत नाही, पोळ्याच्या दिवशी बोटाला रंग लागतो आणि झूल चिकटते. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्या आणि पोळ्याच्या चार दिवस आधी नवीन बैल घेणं बंद करा. शेवटच्या दिवशी आलेल्या बैलाला "नाही" म्हणणं मुलांना फार जड जातं, तेवढ्यासाठी शिक्षकानं जवळ उभं राहावं.

पाचवा आठवडा: भाव काढणं

या आठवड्याला दोनऐवजी चार तासिका द्या. उदाहरण कापसाच्या फुलवातींचं घेऊ, कारण कापूस बहुतेक घरांत आहे, आग-गॅस लागत नाही आणि नवरात्र, दिवाळी, कार्तिकातला काकडा अशी ओळीनं मागणी असते. पुढचे भाव समजण्यापुरते धरलेले आहेत. मुलांनी आपल्या गावचे घालायचे.

१०० फुलवातींचं एक पाकीट. एका पाकिटाला सरकी काढलेला कापूस, म्हणजे रुई, २० ग्रॅम धरू. कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश असते, म्हणजे ६० ग्रॅम कापूस लागेल. भाव क्विंटलला ७,००० रुपये धरला तर किलोला ७०, आणि ६० ग्रॅमचे ४ रुपये २० पैसे. "घरचाच आहे, फुकट आहे" असं मूल म्हणेल. फुकट नाही, तोच कापूस बापानं विकला असता तर हे पैसे आले असते, म्हणून ते लिहायचे. उरलेली ४० ग्रॅम सरकी ढोरांना जाते. किलोला ३० रुपये धरून तिचे १ रुपया २० पैसे वजा करायचे. राहिले ३ रुपये. पिशवीचा १ रुपया, चिठ्ठीचे ५० पैसे. सामानाचा खर्च ४ रुपये ५० पैसे.

आता मेहनत. घड्याळ लावून मोजा. सरकी काढणं, पत्ती-कचरा वेचणं आणि वळणं सगळं धरून नवशिक्या मुलाच्या मिनिटाला चार वाती होतात असं समजू. शंभराला २५ मिनिटं. तासाचा दर काय धरायचा? गावातल्या निंदणाच्या रोजीवरून काढा. पाच तासांचे २४० मिळत असतील तर तासाला ४८, मिनिटाला ८० पैसे. २५ मिनिटांचे २० रुपये.

एकूण २४ रुपये ५० पैसे. गावातला किराणा दुकानदार असं पाकीट २५ रुपयांना विकतो आणि आपल्याकडून २० ला मागतो. मेहनत धरली नाही तर दुकानदाराला दिलेल्या पाकिटावर १५ रुपये ५० पैसे सुटल्यासारखे वाटतात. धरली तर साडेचार रुपये तोटा. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी लिहा आणि थोडा वेळ गप्प बसा. कोणीतरी विचारतंच, "मग आमच्या घरी शेतातल्या मेहनतीचे पैसे कोण धरतं?" या प्रश्नाला घाईनं उत्तर देऊ नका; मुलानं तो घरी नेऊ द्या.

यानंतरच मार्ग शोधायचे. सरावानं वेग वाढतो: शंभराला १५ मिनिटं लागली तर मेहनतीचे १२ रुपये होतात, पाकीट १६ रुपये ५० पैशांत पडतं आणि दुकानदाराचे २० परवडतात. किंवा दुकानदाराला न देता थेट घरी २५ ला विकायचं. किंवा वातींऐवजी गणपती आणि महालक्ष्म्यांसाठी कापसाची वस्त्रमाळ करायची. तिला हात जास्त लागतो पण भाव ठरवायला वाव मिळतो, कारण दोन माळा सारख्या नसतात. अडचण इतकीच की महालक्ष्म्या भाद्रपदात येतात आणि नवा कापूस दसऱ्याच्या आगेमागे, तेव्हा मागच्या हंगामातला दोन किलो कापूस कोरड्या जागी कापडात बांधून ठेवावा लागतो. ओल लागली की तो पिवळा पडतो आणि देवाला पिवळी माळ कोणी घेत नाही.

पळसफुलांचा हिशेब वेगळ्या जागी फसतो. फुलं फुकट मिळतात पण वाळल्यावर वजन खूप घटतं. ओल्या किलोवरून भाव काढला तर पाकिटं निम्मीही भरत नाहीत. आधी एक किलो सावलीत वाळवून वजन करा, मग भाव लावा. तयार रंग बाटलीत भरून विकायचा मोह टाळा. त्याला दोन दिवसांत वास सुटतो. वाळलेली फुलं विका आणि सोबत चिठ्ठी द्या: रात्रभर भिजवा, सकाळी घरातल्या मोठ्या माणसाकडून उकळून घ्या, गाळा.

सहावा आठवडा: माल

एका गटानं आधी दहाच नग करायचे. मग थांबून तपासायचं. वातीचं टोक वळताना बोटाला राख किंवा दूध लावतात, ते कमी पडलं की टोक सुटतं. बूड सैल राहिलं तर वात तेलात आडवी पडते, फार घट्ट झालं तर तेल वर चढत नाही आणि ज्योत मंद होते. दर पन्नासातली एक वात शिक्षकानं लावून बघावी. आपली वात जळताना मुलांनी पाहिली की पुढच्या वाती सुधारतात, सांगावं लागत नाही.

पाकिटात शंभर म्हटलं तर शंभरच. अठ्ठ्याण्णव निघालेलं एक पाकीट गावात सगळ्यांना कळतं. वजनावर विकत असाल तर काटा मुद्रांकन केलेला, म्हणजे सरकारी तपासणीचा शिक्का असलेला वापरा. घरातला स्वयंपाकाचा काटा चालत नाही.

आई-बाबांची मदत किती? शिकवायला हरकत नाही, करून द्यायला आहे. वहीत "कोणी केलं" असा रकाना ठेवा आणि आईनं केलेल्या तासांचे पैसे आईला द्यायचे, असा नियम घाला. नियम घातल्यावर आईची मदत आपोआप आटोक्यात येते.

सातवा आठवडा: विक्री

गटात तीन जागा: बोलणारा, गल्ल्यावरचा आणि लिहिणारा. चौथा फिरून गिऱ्हाईक आणतो. दर तासाला जागा बदलायच्या. नाही बदलल्या तर मुली माल बांधत बसतात आणि गल्ला एखाद्या मोठ्या आवाजाच्या मुलाकडे जातो. हे जवळपास दरवेळी होतं, म्हणून वेळापत्रक आधीच कागदावर लिहा.

सुट्टे पैसे २०० रुपयांचे आदल्या दिवशी आणा, दहा-दहाच्या नोटा आणि नाणी मिळून, आणि वहीत पहिली ओळ तीच लिहा. ती राहिली तर संध्याकाळी नफा २०० नं फुगतो. मोबाइलवरून पैसे घ्यायचे असतील तर क्यूआर एकाच मोठ्या माणसाचा ठेवा, आणि पैसे आल्याचा मेसेज त्याच्या फोनवर दिसल्याशिवाय माल द्यायचा नाही. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट पुरावा धरू नका.

उधारीचं काय करायचं ते आधी ठरवा, कारण मागणारा ओळखीचाच असतो. "घेऊन जातो, तुह्या बाबापाशी देतो पैसे," असं म्हणणाऱ्या काकाला मुलानं काय उत्तर द्यायचं, याची वर्गात दोनदा तालीम करून घ्या. "काका, आमच्या सरांनी आज रोखीच सांगितली, मी पाकीट बाजूला ठेवतो, पैसे आणा आणि घेऊन जा." शिक्षकाच्या नावावर नकार गेला की नातं तुटत नाही. किती खाली यायचं तेही आधी ठरलेलं हवं: २५ चं पाकीट शेवटच्या तासात २२ पर्यंत, त्याखाली नाही. उरलेला माल परत न्यायचा, फुकट वाटायचा नाही. शिक्षकांनी कनवाळूपणे उरलेली सगळी पाकिटं विकत घेऊ नयेत. मुलांना मिळालेली सगळ्यात खरी माहिती त्यानं पुसली जाते.

आठवा आठवडा: हिशेब मिटवणं

गल्ला आधी मोजायचा, मग वहीशी ताळा. पाच-दहा रुपयांचा फरक येतो, तो "फरक" म्हणूनच लिहायचा, जुळवायचा नाही. मग क्रमानं: सुट्ट्या पैशांचे २०० बाजूला, बाहेरच्यांचं देणं, मग प्रत्येकाचे २५ परत, आणि राहील ते मेहनतीचं.

समजा ४० पाकिटं केली. २२ घरोघर २५ ला गेली, १२ दुकानदाराला २० ला, ६ उरली. आले ७९० रुपये. सगळ्या ४० पाकिटांच्या सामानाचे १८० वजा, राहिले ६१०. आता चौघांचे तास मोजा: वळण्याचे १३, घरं फिरण्याचे ३, दुकान लावून बसण्याचे ४. एकूण २०. तासाला साडेतीस रुपये. धरले होते ४८. भाव काढताना विकण्याचे सात तास कोणीच धरले नव्हते, हे मुलांना इथे सापडतं. पुढच्या वेळी ते धरतात. पैसे वाटताना सारखे वाटायचे की तासांप्रमाणे, हा वाद गटात होऊ द्या, फक्त निर्णय लिहून सह्या घ्या. मुळात हा नियम पहिल्या आठवड्यात लिहिला असता तर वाद झाला नसता, हेही त्यांनाच म्हणू द्या.

बक्षीस सर्वात मोठ्या गल्ल्याला देऊ नका. ते दिलं की पुढच्या वर्षी सगळे गट आईकडून वडे तळून आणतात. द्यायचंच असेल तर नीट ठेवलेल्या वहीला द्या, मग तो गट तोट्यात का असेना. तोटा झालेल्या गटानं वर्गापुढे पाच मिनिटं बोलावं: कुठे बुडाले, कधी लक्षात आलं, तेव्हा थांबता आलं असतं का. शिक्षकानं मध्ये सांत्वन करू नये. शंभर रुपयांचा तोटा मुलाला सोसतो.

नफा मुलांचाच. शाळेच्या रंगरंगोटीसाठी तो "स्वेच्छेनं" द्यायला लावणं टाळा. १० वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवता येतं, रिझर्व्ह बँकेनं तशी मुभा दिलेली आहे आणि मर्यादा ज्या त्या बँकेच्या असतात. ज्यांना ठेवायचे आहेत त्यांना शाखेत घेऊन जा.

पुढे ज्यांना करायचं आहे

दोन-चार मुलं विचारतील, आता काय. लगेच योजनांची यादी हातात देऊ नका. कर्ज आणि अनुदानाची फाइल म्हणजेच धंदा, असा समज गावोगाव आधीच पक्का आहे. त्यांना तोच माल आणखी एक हंगाम, त्याच वहीत, दुप्पट गिऱ्हाइकांना विकायला सांगा. अठरा पूर्ण झाल्यावर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत निवासी प्रशिक्षण मिळतं आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे वर्ग होतात. बांबूत हात बसलेल्यांसाठी चंद्रपूरजवळ चिचपल्लीला प्रशिक्षण केंद्र आहे, आणि ग्रामोद्योगाची तंत्रं बघायला वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था. कर्जाची गरज खरंच पडली तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जायचं, आणि जाताना दोन हंगामांची ती वही सोबत न्यायची. उद्यम नोंदणीला सरकार एक रुपयाही घेत नाही; कोणी तिचे पाचशे-हजार मागत असेल तर ते त्याचे फॉर्म भरून देण्याचे आहेत, आणि तो फॉर्म आधार आणि पॅन क्रमांक हाताशी असले की शाळेच्या संगणकावरही भरता येतो.